बहात्तर मिलिग्रॅमचा प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावात एका लेकरासाठी वर्गणी सुरू झाली. लेकरू ११ महिन्यांचं, अजून मान धरत नाही, पाय हलवत नाही, हैदराबादच्या डॉक्टरनं एसएमए सांगितलं, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी. दोन दिवसांत बसस्टँडच्या हॉटेलापासून शाळेच्या ग्रुपपर्यंत सगळीकडं एकच वाद पेटला. एक पार्टी म्हणायली सरकारनं १६ कोटीचं इंजेक्शन द्यायलाच पाहिजे, दुसरी म्हणायली एका लेकरावर १६ कोटी घालण्यापेक्षा पाच गावांत दवाखाने होतील, आणि काहीजण तर म्हणायले हे जीन बदलायचं औषध आहे, कापसाचं बीटी झालं तसं आता माणसाचं व्हायलंय, तुम्ही यात पडूच नका. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, २२ वर्षं झाली, आणि हा वाद ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण तिन्ही पार्ट्या ज्याच्यावर भांडायल्यात ते औषध आहे काय हे कुणी बघायलाच तयार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अँटिसेन्स ऑलिगोन्यूक्लिओटाइड, थोडक्यात एएसओ, ही औषधं माणसाचं जीन बदलत नाहीत. ती साधारण १८-२० अक्षरांची रसायनं आहेत (अक्षर म्हणजे डीएनए-आरएनए ज्यांची माळ असते त्यातला एकेक घटक), आणि रसायन बनवणं या देशाला चांगलं येतं. त्यामुळं सरकारनं द्यायचं का नाही द्यायचं यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही, ही औषधं इथं कोण बनवणार आणि कधी बनवणार यावर भांडलं पाहिजे. हे शिकलो नाही तर वर्गणीचे डबे फिरतच राहतील, आणि त्याहून वाईट म्हणजे जे आजार आपल्याच लोकांत जास्त आहेत त्यांच्यावर औषध कधी निघणारच नाही.

आधी तो १६ कोटीचा गोंधळ मिटवू. डॉक्टरनं चिठ्ठीवर तीन नावं लिहून दिली होती आणि लोकांनी तिन्हीचं एकच करून टाकलं. १६ कोटीचं म्हणतात ती जीन थेरपी, विषाणूच्या रिकाम्या खोळीत नवीन जीन भरून एकदाच देतात. दुसरं रिसडिप्लाम, रोज तोंडानं घ्यायचं पातळ औषध. तिसरं नुसिनर्सेन, मणक्यात सुईनं सोडायचं, आणि हे खरं एएसओ. तिन्हींचं काम वेगळं, किंमत वेगळी, बनवायची रीत तर पूर्णच वेगळी. तिन्ही एका पोत्यात घालून भांडलं की वाद नुसता रकमेवर होतो.

आता जीन बदलण्याचं. हे मी वर्गात जसं सांगतो तसं सांगतो. जमिनीचं मूळ दप्तर तलाठ्याकडं असतं, आपण नक्कल काढून आणतो आणि सगळी कामं नकलेवर चालतात. पेशीतही तसंच आहे, डीएनए म्हणजे मूळ दप्तर, आरएनए म्हणजे नक्कल, आणि प्रोटीन बनतं ते नकलेवरून. एसएमए झालेल्या लेकरात एसएमएन-१ नावाचं जीन गेलेलं असतं. पण निसर्गानं जवळच एक जुळं दप्तर ठेवलंय, एसएमएन-२. अडचण अशी की त्यात एक अक्षर वेगळं आहे, आणि त्याच्यापायी नक्कल जुळवताना सातवं पान बहुतेक वेळा गळतं. १० नकलांत एखादीच पूर्ण निघते. बाकीच्यांपासून बनलेलं प्रोटीन टिकत नाही आणि मणक्यातल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. त्या सातव्या पानाच्या लगेच पुढं एक जागा आहे, जिथं पेशीतली काही प्रोटीनं बसतात आणि हे पान सोडून द्या अशी खूण करतात. ती जागा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रवींद्र सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली, २००६ मध्ये छापून आलं. नुसिनर्सेन काय करतं, तर नेमकं त्या खुणेवर जाऊन चिकटतं. खूण झाकली की पान नकलेत येतं. कोल्ड स्प्रिंग हार्बर या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेच्या एड्रियन क्रेनर यांनी कंपनीसोबत त्याचं औषध केलं आणि डिसेंबर २०१६ ला अमेरिकेत मान्यता मिळाली. नकलेवर चिकटपट्टी लावली म्हणून तलाठ्याचं दप्तर बदलतं का? औषध संपलं की चिकटपट्टी निघते आणि नक्कल पुन्हा पहिल्यासारखी अपुरी, म्हणून तर डोस आयुष्यभर घ्यावे लागतात. एएसओची दुसरी जात नकलेला चिकटते आणि पेशीतलंच एक एन्झाइम, आरएनेज एच, ती जोडी ओळखून नक्कल कातरून टाकतं. नको असलेलं प्रोटीन असं कमी करता येतं. तिथंही मूळ दप्तराला हात लागत नाही.

बीटीशी तुलना करणाऱ्यांचं एक म्हणणं मी मान्य करतो. अँटिसेन्स हा शब्द सामान्य माणसाच्या ताटापर्यंत पहिल्यांदा पोचला तो टोमॅटोतूनच. अमेरिकेत १९९४ मध्ये फ्लेव्हर सेव्हर नावाचा टोमॅटो आला, लवकर मऊ पडू नये म्हणून त्याच्यात उलटं जीन घातलेलं होतं, आणि ते खरंच झाडाच्या डीएनएत होतं, बियातून पुढं जाणारं. आपल्याकडं बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि पुढं गुलाबी बोंडअळीनं काय केलं हे परभणी-हिंगोलीच्या शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही. त्याची भीती कोऱ्या डोक्यातून आलेली नाही, ती अंगावर आलेल्या नुकसानीतून आलीय. पण म्हणून झाडाच्या बियात बसवलेलं जीन आणि मणक्यात सोडलेलं १२ मिलिग्रॅम रसायन एकच कसं होईल? आणि खरंच जीनची भीती असेल तर इन्सुलिनचं काय? २००३ मध्ये वोक्हार्ट कंपनीनं माणसाचं इन्सुलिन बाजारात आणलं, यीस्टमध्ये माणसाचं जीन घालून केलेलं, आणि ते बनायचं आपल्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात. आपल्या किती घरांत आजी फ्रिजमधून असंच इन्सुलिन काढून रोज पोटावर टोचून घेते, तिला कुणी म्हटलं का की आज्जे तुझं बीटी व्हायलंय?

आता रसायनाकडं येतो, कारण माझा सगळा जीव तिथंच आहे. नुसिनर्सेनची अक्षरं अशी: टी सी ए सी टी टी टी सी ए टी ए ए टी जी सी टी जी जी. फळ्यावर लिहायला अर्धं मिनिट लागतं. नुसता डीएनएचा असा तुकडा शरीरात सोडला तर एन्झाइम त्याला बघता बघता कातरतील. म्हणून दोन बदल केले. फॉस्फेटमधला एक ऑक्सिजन काढून तिथं सल्फर बसवला, आणि साखरेच्या दोन नंबरच्या जागेवर मिथॉक्सीइथिल नावाचा गट लावला. त्यानं कात्री लागेना झाली आणि नकलेशी पकडही घट्ट झाली. म्हणूनच सुरुवातीचे चार डोस झाल्यावर पुढचा डोस चार-चार महिन्यांनी दिला तरी चालतो. एवढं सुचायला मात्र खूप काळ गेला. १९७८ मध्ये पॉल झॅमेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी १३ अक्षरांचा तुकडा वापरून कोंबडीच्या पेशीत विषाणूची वाढ रोखून दाखवली, पहिलं औषध फोमिव्हिर्सेन आलं १९९८ मध्ये, डोळ्यातल्या एका इन्फेक्शनवर, आणि ते बाजारात टिकलंही नाही.

बनवायची रीत मी एका प्रयोगशाळेत उभं राहून बघितलीय. काचेच्या नळीत बारीक मणी, त्या मण्यांवर एकेक अक्षर चढवत जायचं, दर अक्षरामागं चार पायऱ्या, आणि प्रत्येक नवीन अक्षराआधी आम्ल सोडलं की नळीतून भडक केशरी रंग वाहतो. तो रंग गडद आला म्हणजे मागचं अक्षर नीट बसलं. फिका आला तर काहीतरी बिघडलंय. तिथला टेक्निशियन मशिनच्या स्क्रीनकडं कमी आणि त्या रंगाकडं जास्त बघत होता. प्रत्येक अक्षर ९९ टक्के बसलं तर १८ अक्षरांअखेर ८४ टक्के माल बरोबर निघतो, तेच ९७ टक्के बसलं तर ६० टक्क्यांच्या आसपास येतो, आणि उरलेला एक अक्षर कमी असलेला माल वेगळा काढणं हे महाकठीण काम. म्हणजे सोपं आहे असं मी म्हणतच नाही. पण ही पद्धत मार्व्हिन कॅरुथर्स यांनी १९८० च्या सुमारास दिली, आणि त्याच्याही आधी न्यूक्लिओटाइड जोडून अख्खं जीन करून दाखवणारा माणूस हरगोविंद खोराना, मुलतानजवळच्या खेड्यात जन्मलेला. हे ज्ञान आपल्याला परकं नाही.

मागच्या आठवड्यात थर्ड इयरच्या वर्गात आम्ही हिशोब केला. एक डोस १२ मिलिग्रॅम. पहिल्या वर्षी सहा डोस, म्हणजे ७२ मिलिग्रॅम. पॅरासिटॅमॉलची ५०० ची गोळी घ्या, तेवढ्या वजनात जवळपास सात लेकरांचं पहिलं वर्ष निघतं. अमेरिकेत औषध आलं तेव्हा पहिल्या वर्षाची यादीतली किंमत होती ७ लाख ५० हजार डॉलर. एका पोरीनं मोबाईलवर भागाकार केला आणि विचारलं, सर मग हे पैसे नेमके कशाचे? तिला जे उत्तर दिलं तेच इथं देतो, आणि कंपनीची बाजू धरूनच देतो. ते पैसे फक्त ७२ मिलिग्रॅमचे नाहीत. १९७८ पासून २०१६ पर्यंतच्या अपयशाचे आहेत. हंटिंग्टन या मेंदूच्या आजारावरच्या टॉमिनर्सेनची मोठी चाचणी २०२१ मध्ये थांबवावी लागली. कोलेस्टेरॉलवरचं मिपोमर्सेन यकृताला त्रास देतं म्हणून मागं पडलं. ड्यूशेन या स्नायूंच्या आजारावरचं एटेप्लिर्सेन तर १२ पोरांच्या अभ्यासावर मान्य झालं आणि त्यावरचा वाद अजून मिटला नाही. बोस्टनमध्ये टिमोथी यू यांनी एकाच मुलीसाठी २२ अक्षरांचं मिलासेन वर्षभराच्या आत तयार केलं, तिचे झटके कमी झाले, पण २०२१ मध्ये ती गेली. नुसिनर्सेनचं मात्र तसं नाही. लहान बाळांच्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी ५१ टक्के बाळांनी हालचालीचे टप्पे गाठले आणि न मिळालेल्यांत एकानंही नाही. एवढा स्वच्छ फरक वैद्यकात क्वचित दिसतो. तर शोधाचा पैसा द्यावा लागतो हे कबूल. पण किती काळ, किती पट, आणि ज्या शोधात अमेरिकेच्या सरकारी पैशावर चाललेल्या विद्यापीठांचाही वाटा आहे त्याची किंमत एकट्या कंपनीनं ठरवायची हे कुठल्या न्यायात बसतं?

दुसऱ्या पार्टीचा मुद्दा मला सगळ्यात जड जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी दवाखान्यात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यातली १२ नवजात बाळं. ज्या भागात हे होतं तिथं दुर्मिळ आजाराच्या औषधाची भाषा करायची म्हणजे जखमेवर मीठ, असं एक जुना मित्र मला म्हणाला आणि मी दोन दिवस त्याला उत्तर देऊ शकलो नाही. तो चूक नाही. तिजोरी एकच असेल आणि औषध कोटीचंच राहणार असेल तर मीही त्याच्याच बाजूनं मत देईन. पण कोटीचंच राहणार हे कुणी ठरवलं? २००१ मध्ये सिप्लानं एचआयव्हीची औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, त्याआधी तोच उपचार १० हजार डॉलरच्या वर होता, आणि तेव्हाही शहाणे लोक म्हणतच होते की गरीब देशांनी उपचाराच्या नादी न लागता नुसती जनजागृती करावी. तो हिशोब त्या दिवशीच्या किमतीवर बरोबर होता. किंमत पडली आणि हिशोबच बदलला. हे शक्य झालं कारण १९७० च्या पेटंट कायद्यानं आपल्याला औषधं स्वतःच्या रीतीनं बनवायला तीसहून जास्त वर्षं दिली, आणि त्याच्याही आधी १९५४ मध्ये पिंपरीत सरकारनं पेनिसिलिनचा कारखाना काढला तेव्हा देशात दवाखाने आजच्यापेक्षा कितीतरी कमी होते. तेव्हा कुणी म्हणालं असतं की आधी दवाखाने पुरे होऊ द्या मग पेनिसिलिन, तर आज आपण कुठं असतो?

आणि लांब कशाला जायचं, एसएमएचंच बघा. रिसडिप्लामची रोश कंपनीची बाटली ६ लाखांच्या घरात होती. दिल्ली हायकोर्टानं २०२५ मध्ये दुसऱ्या कंपनीला थांबवायची रोशची मागणी फेटाळली आणि हैदराबादच्या नॅटकोनं तेच औषध १५,९०० रुपयाला काढलं. आपल्या गावातला वाद अजून १६ कोटीवरच अडकलाय, आणि नांदेडहून रात्री गाडीत बसलं की सकाळी जिथं उतरतो त्या शहरातल्या कंपनीनं गणित केव्हाच बदलून टाकलंय.

इथं हुशार माणूस लगेच विचारेल, मग झालं की, पातळ औषध स्वस्त मिळालं, एएसओचा आग्रह कशाला? हा प्रश्न चांगला आहे. उत्तर असं की रिसडिप्लाम हे एका आजाराचं एक औषध आहे, एएसओ ही रीत आहे. रिसडिप्लामसारखा रेणू दुसऱ्या जीनसाठी शोधायचा म्हणजे पुन्हा शून्यापासून सुरुवात. एएसओत मशीन तेच, सल्फर तोच, केशरी रंग तोच, अक्षरांचा क्रम बदलतो. एएलएस या चेतापेशींच्या आजाराच्या एका प्रकारावर २०२३ मध्ये टोफर्सेन आलं ते याच रीतीनं. आता आपला आजार घ्या. थॅलेसेमियाची लेकरं दर तीन-चार आठवड्याला रक्त चढवायला जिल्ह्याच्या गावाला येतात, आई एसटीत मांडीवर घेऊन बसलेली असते. आपल्या देशात बीटा थॅलेसेमियाचा सगळ्यात जास्त सापडणारा बदल आयव्हीएस-१-५, आणि तोही नक्कल जुळवतानाच्या चुकीचाच आहे. थॅलेसेमियातली अशी चूक अँटिसेन्सनं सुधारता येते हे डॉमिन्स्की आणि कोल यांनी १९९३ मध्येच प्रयोगशाळेत दाखवलं, म्हणजे नुसिनर्सेनच्या २३ वर्षं आधी. आयव्हीएस-१-५ वर ते औषध होईलच असं मी छातीठोक म्हणत नाही, तिथं अडचण वेगळी आहे, शिवाय रक्त बनवणाऱ्या पेशीत औषध पोचवणंच अवघड. पण ज्यांच्या बाजारात हा आजार कमी आहे ते आपला पैसा त्यावर कशाला घालतील? विकत घेणाऱ्याला दुकानात जे मांडलंय तेच मिळतं.

काही डॉक्टर मित्र म्हणतात औषधापेक्षा तपासणी करा, लग्नाआधी वाहक तपासा, म्हणजे स्वतः धडधाकट पण जीनची एक खराब प्रत अंगात असलेले. शंभर टक्के मान्य. आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न ही अजून सर्रास चालणारी गोष्ट आहे, आणि दोघं वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक धोका. तपासणी झाली तर आणखी एक होईल, सगळा दोष सुनेच्या पोटावर टाकायची सवय मोडेल, कारण एक खराब प्रत बापाकडून आलेली असते. या लेकराच्या आईला सासरी काय काय ऐकावं लागलं ते मी इथं लिहिणार नाही. पण जन्मलेल्या लेकराला तपासणीचा काय उपयोग? जन्मल्याबरोबर तपासून लक्षणं दिसायच्या आधी औषध सुरू केलेल्या २५ बाळांचा अभ्यास झालाय, सगळी जगली आणि बहुतेक चालायला लागली. म्हणजे तपासणीचा खरा फायदाही हातात औषध असेल तेव्हाच होतो.

पाण्याचं मात्र बोललंच पाहिजे, कारण आपण मराठवाड्यात राहतो. एएसओ बनवताना सॉल्व्हंट भयंकर लागतं, एक किलो औषधामागं काही हजार किलो कच्चा माल, त्यात मोठा वाटा सॉल्व्हंट आणि पाण्याचा. उद्या कुणी वाळूजला किंवा शेंद्र्याला असा कारखाना आणतो म्हणाला तर पहिला प्रश्न मीच विचारीन, सांडपाणी कुठं जाणार. पण प्रमाणही बघा. एका किलोत १३ हजारांवर लेकरांचं पहिलं वर्ष निघतं, आणि त्यामागचा सगळा द्रव आपल्या गावात मे महिन्यात येणाऱ्या एका टँकरपेक्षा कमी भरतो. तेवढा गोळा करून शुद्ध करून परत वापरणं किंवा जाळणं हे नियमानं बांधून घेता येतं. कोलेस्टेरॉलसारख्या कोट्यवधी लोकांच्या आजारावर टनानं बनवायचं झालं तर गोष्ट वेगळी, तेव्हा वेगळं भांडू.

मनमाड-औरंगाबाद रेल्वे रुंद व्हावी म्हणून मराठवाड्याचे नेते गोविंदभाई श्रॉफांसारख्या माणसांनी वर्षानुवर्षं लावून धरलं होतं. त्यांनी तिकिटात सवलत मागितली नाही, रूळ मागितले. केंद्राचं २०२१ चं दुर्मिळ आजारांचं धोरण ५० लाखांपर्यंत मदत देतं, ती मिळालीच पाहिजे, पण ती तिकिटातली सवलत आहे, आयुष्यभराच्या औषधाला एकदाच दिलेली. संभाजीनगर आणि नांदेड, दोन विद्यापीठं आहेत आपल्याकडं. दोन्हीकडं मिळून ऑलिगो बनवायची आणि शुद्ध करायची एक साधी लॅब, थॅलेसेमियाच्या पेशंटचे बदल नोंदवणारी एक यादी, आणि मणक्यात औषध द्यायला शिकलेला एक विभाग सरकारी मेडिकल कॉलेजात, एवढं मागायला आमदाराच्या दारात का जाऊ नये? वर्गणीच्या मीटिंगला दीडशे माणसं होती, त्यातली पन्नास तरी आली तरी चालेल, निवेदन मी लिहितो.

भागाकार करणारी ती पोरगी जूनमध्ये हैदराबादला जायलीय, कंपनीत नोकरी लागली. तिथं काय बनवतात म्हणून विचारलं तर म्हणाली, सर तेच की, फळ्यावरची अक्षरं, मण्यांवर चढवायचं फॉस्फोरामिडाइट, ए टी जी सी वेगवेगळं भरतात आणि सगळं बाहेरदेशी पाठवतात.